देवळामागील रान
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



देवळाच्या आवाराविषयीं आम्हीं चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. आवाराचा पुढचा भाग सर्वांच्या नजरेखालीं असतो. तेथील गुलाब व क्रोटन यांस आमच्या शिफारसीची गरज नाहीं. आम्हांस बोलावयाचें आहे तें मागील बाजूविषयीं: दफनभूमीच्या भिंतीलगतची पट्टी आणि पन्हळीचें पाणी पडतें तो कोपरा. तेथें फरशी बसवून मोटारींची सोय करावी, अशी सूचना पुढें आली आहे. सूचना गैर नाहीं. रविवारीं सहलीच्या गर्दींतून वाट काढीत मिस्सेस येणाऱ्यांचे हाल आम्ही जाणतों. तरी निर्णयापूर्वीं दुसरी बाजूही ऐकून घ्यावी.

खंडाळ्याच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ एका धर्मगुरूनें लिहिला, हें येथें थोड्यांसच ठाऊक असेल. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे जन्मानें स्पॅनिश, जेझुइट संघाचे, व मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९६१ ते १९६७ पर्यंत भारतीय वनस्पति सर्वेक्षणाची धुरा त्यांनीं वाहिली. आपण गवत म्हणून कापून टाकितों, त्यांतील एकेका रोपट्यास या सत्पुरुषानें नांवानिशीं ओळखिलें.

तीं रोपटीं अजून आपल्या भिंतीपाशीं येतात. श्रावणांत तेरडा, मागून कुर्डू, पाऊस ओसरूं लागला कीं सोनकीचा पिवळा सडा. कोपऱ्यांतील रुई कोणास आवडत नाहीं. परंतु तिचींच पानें खाऊन तांबूस पंखांचीं फुलपांखरें वाढतात. रुई उपटली, तर त्यांच्या अळ्यांस गुलाबाचा कांहीं उपयोग नाहीं. शिवाय येथें वर्षाकाठीं सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बंगले व फरशा वाढल्या तसें तें पाणी मातींत न मुरतां रस्त्यांवरून धांवतें. मुळांनीं धरलेली वीतभर माती त्यांतील कांहीं तरी अडविते.

असिसीकर संत फ्रान्सिस यांनीं मठाच्या बागेचा एक भाग न नांगरतां रानफुलांसाठीं राखण्यास सांगितलें होतें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या आपल्या विश्वपत्रांत त्याची आठवण दिली आहे. तेव्हां आमची मागणी कांहीं नवी नव्हे.

मात्र राखणें म्हणजे वाऱ्यावर सोडणें नव्हे. घाणेरी आणि रानमोडी या अमेरिकेहून आलेल्या. त्यांस मोकळें रान दिलें तर इतरांस जागा उरणार नाहीं. त्या फुलण्यापूर्वींच मुळासकट काढाव्यात. पालापाचोळा जाळूं नये. कड्यांवरून खरतुडीसारखे दुर्मिळ कंद उपटून आणण्याचा मोह कोणास झाला, तर तोही आवरावा. बी वेंचणें पुरे.

अवघड गोष्ट निराळीच आहे. दोन नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस येतो. आपल्या आईबापांची कबर गवतांत बुडालेली पाहून कोणास बरें वाटेल? म्हणून त्या आधींच्या आठवड्यांत सरसकट कापणी होते, तणनाशकही फवारलें जातें. आणि नेमकें त्याच सुमारास सोनकीचें व कुर्डूचें बी पिकत असतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कबरी आणि वाटा हातानें स्वच्छ कराव्यात, भिंतीची पट्टी मात्र नोव्हेंबर संपेपर्यंत कापूं नये, आणि औषध कोठेंही मारूं नये. यास मजुरी अधिक पडेल हें खरें. तरुण मंडळींनीं दोन सकाळी दिल्या, तर तीही पडणार नाहीं.

मोटारींसाठीं फाटकाजवळची मुरूम टाकलेली जागा आहे. नीट रांगा लावल्या तर तेथें बरीच सोय होईल. मंडळाची बैठक होण्यापूर्वीं ज्येष्ठांनीं एकदां मागच्या बाजूस आमच्यासह फिरून यावें, ही विनंती. चपला भिजतील, एवढी सूचना आधींच देऊन ठेवितों.