कॉइल गेली की व्होल्टेज कमी?

पावसाळ्यात पापड वाळवायला आपल्यातल्या काही गटांनी विजेचा ड्रायर घेतला आहे. संध्याकाळी पापड ओलसर राहिले, की "कॉइल गेली" म्हणत नवी आणायची घाई होते. गटाचे पैसे मोडण्याआधी आपण हिशोब करू.

व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारी वीज. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. ड्रायरच्या पाटीवर 230 व्होल्ट, 10 अँपिअर असेल, तर झाले 2300 वॅट. तो सलग तासभर तापला, तर 2.3 युनिट.

आता व्होल्टला अँपिअरने भागा. 230 भागिले 10, म्हणजे 23 ओहम. हा कॉइलचा रोध. व्होल्टेज घटले तरी तो जवळपास तेवढाच राहतो.

संध्याकाळी व्होल्टेज 184 वर उतरले, तर 184 भागिले 23, म्हणजे 8 अँपिअर. 184 गुणिले 8, फक्त 1472 वॅट! उष्णता एक तृतीयांशाहून जास्त घटली. कॉइल धडधाकट आहे, दाब कमी पडला.

म्हणून आधी वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यायचे. दिवसा चांगले मिळत असेल, तर पाळी दिवसा लावायची.

आणखी एक. घरातला साधा प्लग 6 अँपिअरचा. 10 अँपिअरचा ड्रायर त्यावर लावला, तर प्लग तापून आग लागू शकते. त्याला 16 अँपिअरचा प्लग आणि तशीच जाड वायर हवी.

हा हिशोब कॉइलच्या यंत्रांचा. गिरणीच्या मोटरचा वेगळा, तो पुन्हा कधीतरी. येत्या बैठकीत ड्रायरची पाटी सगळ्याजणी मिळून वाचू या.