मनगट कुणाचं?

(तरुण कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून मी नोकऱ्यांवर किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. आज मी घड्याळांवर बोलणार आहे. मला जुनी मनगटी घड्याळं जमवायचा नाद आहे. माझ्याकडे अकरा आहेत, आणि ती सगळी मिळून इथल्या काहींच्या मोबाइलपेक्षा स्वस्त पडतील. या नादापायी घड्याळाबद्दल जेवढं कळलं, त्याहून जास्त माणसांच्या नजरेबद्दल कळलं. तेच सांगायचं आहे.

आधी घड्याळाच्या पोटात काय असतं ते बघू. सेलवर चालणाऱ्या साध्या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात. सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं करतं आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. चावीच्या यांत्रिक घड्याळात स्प्रिंग आणि चाकं असतात. आजचं चांगलं यांत्रिक घड्याळ सेकंदाला साधारण आठ ठोके देतं. आता हिशेब तुम्हीच करा. स्वित्झर्लंडची तपासणी संस्था यांत्रिक घड्याळाला क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देते, तेव्हा दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढा फरक मान्य असतो. म्हणजे महिन्याला तीन मिनिटांपर्यंत. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे प्लास्टिकचं घड्याळ हजार-दीड हजारात मिळतं, आणि त्याचा फरक महिन्याला तीस सेकंदांच्या आत असतो.

म्हणजे लाखो रुपयांचं घड्याळ वेळ सांगण्यात हजाराच्या घड्याळापुढे हरतं. मग लाख रुपये कशाचे?

याचा इतिहास मजेशीर आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीनं जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. त्याची किंमत होती ४,५०,००० येन, तेव्हाच्या एका छोट्या मोटारीएवढी. पुढच्या काही वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की अचूक वेळ ही श्रीमंतांची मालकी राहिली नाही. स्विस उद्योग कोसळला. १९७० च्या सुमारास तिथे जवळपास ९०,००० कामगार होते, पंधरा-सोळा वर्षांत ते ३०,००० च्या आसपास आले. त्यातून वर येताना महागड्या कंपन्यांनी वेळ विकणं जवळपास सोडूनच दिलं. त्या कारागिरी विकू लागल्या, परंपरा विकू लागल्या आणि मुख्य म्हणजे प्रतिष्ठा विकू लागल्या.

कारागिरीला मी नावं ठेवणार नाही. यांत्रिक घड्याळाचं मागचं झाकण उघडून ते इवलंसं चक्र फिरताना बघणं हा माझा रविवारचा आनंद आहे. पण प्रतिष्ठा घड्याळाच्या पोटात कुठेही सापडत नाही. मी उघडून बघितलंय.

माझे अब्बा एसटीत मेकॅनिक होते. त्यांच्या हातात एचएमटीचं ‘जनता’ होतं. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरमध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढची दोन-तीन दशकं मास्तर, कारकून, कामगार यांच्या मनगटावर तीच दिसायची. पगारातून बचत करून घेतलेलं, रोज सकाळी चावी द्यायची. अब्बांच्या हातात त्याचा अर्थ एवढाच होता : साधा, नोकरदार माणूस. २०१६ साली सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद केला. आज तेच घड्याळ मी घालून ऑफिसात जातो, तेव्हा सहकारी मनगट धरून विचारतात, ‘अरे वा, विंटेज! कुठे मिळालं?’ डायल तीच, काटे तेच, काचेवरचा ओरखडासुद्धा तोच. मग बदललं काय? मनगट बदललं.

आमच्या कोकणात दुसरी तऱ्हा होती. आखातातून सुट्टीवर आलेल्या मामूच्या हातात रॅडो असायचं. त्याच्यावर ओरखडा पडत नाही ही त्याची ख्याती. मामू तिथे कुठे राहतो, एका खोलीत किती जण झोपतात, हे गावात कुणी विचारायचं नाही. रॅडो बघितलं की सगळं उत्तर मिळाल्यासारखं वाटायचं. मामूलाही तेच हवं असायचं, कारण खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं.

मनगटाचा हा खेळ फार जुना आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जायचा. पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला सवड नव्हती, म्हणून त्यानं घड्याळ मनगटावर बांधलं. युद्ध संपेपर्यंत बायकी समजली जाणारी वस्तू मर्दानी झाली होती. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये रोलेक्सचं एक स्टीलचं घड्याळ पावणेदोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकलं गेलं, कारण ते अभिनेता पॉल न्यूमनचं होतं. २००९ साली त्याच शहरात गांधीजींचं कमरेला खोचायचं झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी १८ लाख डॉलरना गेली. त्या घड्याळानं गांधीजींना मोठं केलं असं कुणी म्हणेल का?

आता याची उलटी बाजू. मघाशी मी ज्या प्लास्टिकच्या कॅसिओचं नाव घेतलं, त्याचीच ही गोष्ट आहे. ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगातल्या अनेक कैद्यांच्या फायलींत, त्यांच्याविरुद्धच्या मुद्द्यांमध्ये, हे घड्याळ हातात असल्याची नोंद होती. २०११ साली विकिलीक्सनं ती कागदपत्रं बाहेर काढली. अफगाणिस्तानातल्या प्रशिक्षण तळांवर बॉम्बच्या टायमरसाठी हे घड्याळ दिलं जायचं, असं अमेरिकी लष्कराचं म्हणणं होतं. काही ठिकाणी ते तसं वापरलं गेलंही असेल. पण जगभर दुकानादुकानात मिळणारं, शाळकरी पोरं घालतात ते घड्याळ! तेच न्यूयॉर्कच्या एखाद्या तरुणाच्या हातात असलं तर जुन्या जमान्याची फॅशन, आणि दाढीवाल्या अफगाण माणसाच्या हातात असलं तर संशय.

हे ऐकून तुम्ही गप्प झालात. कारण ही नजर आपल्या ओळखीची आहे. भाड्यानं घर बघताना, मुलाखतीत नाव सांगताना आपल्यातल्या अनेकांनी ती अनुभवली आहे. आणि म्हणूनच आपली मुलं महाग घड्याळ, महाग बूट, महाग फोन यांच्यामागे लागतात, असं मला वाटतं. निव्वळ उधळपट्टी म्हणून त्यांना झोडपणं सोपं आहे. त्यामागे एक दुखणं आहे : आधी माणूस म्हणून बघा, आम्हीही कुणीतरी आहोत. हे दुखणं खरं आहे. औषध मात्र चुकीचं आहे. ज्या नजरेला हजाराच्या घड्याळात बॉम्ब दिसतो, तिला लाखाच्या घड्याळात ‘पैसा आला कुठून?’ दिसेल. मनगट तेच राहणार ना? ती नजर बदलायची तर शिकावं लागेल, संघटित व्हावं लागेल, घर नाकारलं तर कायद्यानं दाद मागावी लागेल, शेजाऱ्याशी बोलत राहावं लागेल. यातलं काहीही हप्त्यावर मिळत नाही.

आपल्या हातात असलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली लग्नाची. सायकल, रेडिओ, घड्याळ ही मागणी आपल्या आजोबांच्या काळातली. आता मागणी उघड होत नाही. ‘मुलगा आयटीत आहे, त्याला शोभेल असं काहीतरी द्या’ एवढंच म्हटलं जातं, आणि मुलीचा बाप कर्ज काढतो. इथे बसलेल्या मुलांनी आपल्या घरी आधीच सांगून ठेवावं की सासरचं घड्याळ घालणार नाही. मुलींनी होणाऱ्या नवऱ्याला हा प्रश्न निकाहाच्या आधी विचारावा.

दुसरी ‘फर्स्ट कॉपी’ची. मोठ्या ब्रँडची नक्कल घालताना आपण दुसऱ्याला फसवतो, त्याआधी आपलं खरं घड्याळ कमी प्रतीचं आहे हे स्वतःशी कबूल करतो. आठशे रुपयांचं खरं घड्याळ ताठ मानेनं घालता येतं.

तिसरी कारागिरांची. जुन्या भारतीय घड्याळांच्या डायल पुन्हा रंगवून, सुटे भाग जुळवून विकल्या जाणाऱ्या घड्याळांना परदेशातले संग्राहक हेटाळणीनं ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनं म्हणून नवा रंग विकणं गैरच. पण मोडीत निघालेलं यंत्र उपलब्ध भागांतून पुन्हा चालतं करणं ही अक्कल कमी नाही. माझा घड्याळजी सहावी शिकलेला आहे. डोळ्याला भिंग लावून तो जे करतो, ते मला पदवी घेऊनही जमत नाही. स्विस कारागिराच्या पांढऱ्या कोटाचा फोटो आपण कौतुकानं बघतो, आणि गल्लीतल्या घड्याळजीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. इथे नजर आपली आहे. ती तर आजच बदलता येईल.

माझ्या घड्याळात माझी वेळ संपत आली आहे. अब्बांचं हे ‘जनता’ रोज मिनिटभर मागे पडतं, तेव्हा तुमच्या घड्याळात ती आधीच संपली असणार. प्रश्न असतील तर चहा घेता घेता बोलू.