संगीत काढा, गोष्ट ऐकू येईल

दहा मिनिटं मिळाली आहेत, ती प्रस्तावनेत घालवत नाही.

नुसत्या आवाजातून गोष्ट सांगायचा प्रकल्प आता बऱ्याच ठिकाणी मुलांना देतात. पाच मिनिटांची लहानशी कथा, चित्र नाही, निवेदक नाही, संवादही नाहीत. जे काही सांगायचं ते रेकॉर्ड केलेल्या आवाजांनी. मुलं मोबाईलवर करून आणतात, मी ऐकतो. आणि ऐकून ऐकून माझी एकच तक्रार उरली आहे. ती मी आज दोन-तीनदा सांगणार आहे, कंटाळू नका. बाळांनो, त्यातलं संगीत काढा.

एका मुलाची गोष्ट सांगतो. गोष्ट चांगली होती. एक म्हातारी दवाखान्यातून एकटीच घरी परत येते, एवढंच. त्यानं आपल्या आजीला खरोखरच दारात उभं करून रेकॉर्डिंग केलेलं. किल्ल्यांचा जुडगा वाजतो. किल्ली कुलपाला लागते, निसटते. पुन्हा लागते, पुन्हा निसटते. मग थोडा वेळ काहीच नाही, फक्त धाप. तिसऱ्या खेपेला कुलूप उघडतं. मी खुर्चीत सावरून बसलो. म्हटलं, पोरानं जिंकलं! आणि तेवढ्यात बासरी सुरू झाली. मी विचारलं, "अरे, ही बासरी कशाला?" तर म्हणाला, "सर, ऐकणाऱ्याला वाईट वाटायला पाहिजे ना." आता काय बोलणार? वाईट वाटायचं ते त्या निसटलेल्या किल्लीपाशी वाटून गेलं होतं, बासरीनं ते पुसून टाकलं.

मुलांना तरी किती बोल लावायचा? गुण द्यायच्या तक्त्यात एक रकाना असतो: पार्श्वसंगीत, दहा गुण. असा तक्ता मी डोळ्यांनी पाहिला आहे. दहा गुण टांगून ठेवल्यावर पोरं बासरी लावतील नाहीतर काय करतील? शिक्षकमंडळी ऐकत असतील तर हात जोडून विनंती, तो रकाना खोडा.

आता खर्ड्याकडे येतो. तिकडच्या काही मुलांना खर्ड्याच्या लढाईवर अशी आवाजाची गोष्ट करायची आहे. जामखेड तालुक्यातल्या मुलांनी हाच विषय घ्यावा यात नवल नाही. शाळेच्या वाटेवर किल्ला असताना दुसरा विषय सुचेल कसा? पण त्यांनी केलेला कच्चा आराखडा मी पाहिला. सुरुवातीला तुतारी. मग टापा. मग तलवारींचा खणखणाट, 'हर हर महादेव', तोफा, आणि शेवटी पुन्हा तुतारी, सोबत ढोल. सगळं नेटवरून उतरवलेलं. मी म्हटलं, यात खर्डा कुठे आहे? हेच पानिपताला चालेल, हेच सिनेमाच्या जाहिरातीला चालेल.

११ मार्च १७९५ ला कोण जिंकलं हे खर्ड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हैदराबादचा निजामअली मोहरी घाट उतरून आला, समोर मराठ्यांचे परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले. शिंद्यांकडचा पेरॉन उंचवट्यावर तोफा लावून बसलेला, रघूजी भोसल्यांचे बाण सुटताहेत, म्हणजे अग्निबाण, धनुष्याचे नव्हेत. हा सगळा दिवसाचा कारभार. पण मुलांनो, तुमची गोष्ट दिवसात नाही, ती रात्रीत आहे. १८२६ साली छापलेल्या ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात ती आहे, शाळेच्या धड्यात बहुधा नसते.

तोफांच्या आवाजानं निजामाच्या जनानखान्यातल्या बायका घाबरून गेल्या होत्या. त्यांच्या आग्रहापुढे नमून निजामानं खर्ड्याच्या किल्ल्याकडे मागे सरायचं ठरवलं. त्याचं सैन्य, त्यात रेमंड या फ्रेंच सरदाराच्या पलटणी, मागे सरताना जसं होतं तसंच रांगेत आडवं झालं. बंदुका भरलेल्या, उशाशी. अंधारात मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांना पाणी शोधत शोधत एका ओढ्यावर आली. लढायला नव्हे हं, पाण्याला. तिथं नेमके निजामाचे काही मोगल शिपाई पडले होते. त्यांनी ओळखलं आणि गोळ्या झाडल्या. त्या ऐकून रेमंडच्या पहारेकऱ्यांनी झाडल्या. त्या ऐकून अख्खी रांग झोपेतून दचकून उठली आणि समोर कोण आहे हे न बघता अंधारात बार काढू लागली. मग जी पळापळ झाली तिला आवर उरला नाही. सकाळी मराठे बघतात तो तोफा, सामान, गाडे जागच्या जागी टाकलेले, आणि निजाम किल्ल्यात. पुढे वेढा, शरणागती, तह. ते तुम्हाला पाठच आहे.

बघा, रात्री कोणाला काही दिसत नव्हतं. जे घडलं ते ऐकण्यामुळे घडलं. एवढी मोठी फौज एका ओढ्यावरच्या आवाजानं मोडली. आवाजातून सांगायची गोष्ट याहून सरस दुसरी कुठली देऊ? आणि ही तुमच्या गावची आहे. तीत तुतारी घातलीत तर पाणी ऐकू येणार नाही.

घोडा पाणी पितो तेव्हा कधी जवळ जाऊन ऐकलंय? तो चुळकचुळक करत नाही. ओठ जवळजवळ मिटून ओढतो, वर आवाज नसल्यातच जमा. ऐकू येतो तो घोट, घशातून खाली उतरताना, एकेक. मधेच नाकातून फुर्र करतो, लगामाची कडी हलते, नाल दगडावर सरकते. एवढं मिनिटभर ऐकवा. मिनिटभर! मुलांना वाटतं दहा सेकंदांवर गेलं तर लोक कंटाळतील. लोक कंटाळत नाहीत, लोक कान पुढे करतात. आणि कान पुढे आला की मग गोळी.

त्यानंतर लगेच दुसरी नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रांगेच्या एका टोकाला बार झाला तर किलोमीटरभर लांब असलेल्या शिपायाला तो जवळजवळ तीन सेकंदांनी ऐकू येणार, तो उठणार, चाचपडणार, मग झाडणार. हा हिशेब वहीत मांडा आणि त्याप्रमाणे आवाज ठेवा. जवळचा बार कोरडा, लांबचा बोथट, त्याहून लांबचा नुसता धप्प. तीन सेकंद, पाच सेकंद, मग एकदम खच. अंधारात केवढी फौज पडली आहे ते ऐकणाऱ्याला न सांगता कळेल. निवेदकाला मानधन द्यायला नको.

बंदूक कुठून आणायची, हे विचारू नका आणि आणूही नका. दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटून बघा. रेडिओवर श्रुतिका करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या करवंट्यांवर घोडे पळवले आणि पत्रा हलवून ढग गडगडवले, कोणाची तक्रार आली नाही. हातानं केलेला आवाज खोटा नसतो. मात्र जागा खरी हवी. एका मुलाच्या गोष्टीतल्या वाड्यात, भर देशावर, रात्री कुठल्यातरी परदेशी जंगलातले बेडूक ओरडत होते, तेही उन्हाळ्यात. नेटवर 'रात्र' म्हणून जे सापडलं ते त्यानं उतरवलं. अरे, आपल्या माळावर रात्री टिटवी ओरडते! शिमगा झाल्यावरची, म्हणजे लढाई झाली त्या सुमाराची, रात्र कशी वाजते ते मोबाईल घेऊन ऐकायला जा ना. मोबाईल एरोप्लेन मोडवर टाका, मातीत ठेवा आणि दोन मिनिटं काहीही करू नका. हलू नका, कुजबुजू नका, खोकू नका. जे रेकॉर्ड होईल ती तुमची जमीन. त्यावर पेरायचं.

पेरायचं म्हणतो ते उगाच नाही. तुमच्याकडे रब्बीची ज्वारी, पेरणीची पाभर घरात नसली तरी पाहिलेली असेल. तिच्या दाणे सोडायच्या चाड्यावर कोणाला उभं करतात? घरातल्या जाणत्या माणसाला. का? तर मुठीतून दाणे किती सुटताहेत ते त्याच्या बोटांना कळतं. घाबरट माणूस मूठ सैल सोडतो. न उगवलं तर काय, या भीतीनं दाट पेरतो. उगवतं सगळं. हिरवंगार दिसतं, शेजारी बांधावर उभा राहून कौतुक करतो. आणि कणसं? करंगळीएवढी. म्हणून मग विरळणी करावी लागते, आणि विरळणीत चांगली धट्टीकट्टी रोपंही उपटावी लागतात, जीव हळहळला तरी. एडिटिंग करताना तुमची मूठ चाड्यावर आहे असं समजा. एक आवाज, मग अंतर, मग दुसरा. तीन ट्रॅक भरलेत म्हणून चौथा रिकामा ठेवायला लाजू नका. आणि आधी ओल बघा! ती दोन मिनिटांची शांतता खाली नसेल तर वर टाकलेला एकही आवाज रुजत नाही, प्रत्येक आवाज डब्यातून आल्यासारखा सुटा वाजतो. राहिली राखण. दाणे भरायला लागले की पाखरं येतात. गोष्ट भरात आली की तुमच्या मनात बासरी येते. गोफण फिरवा. उपमा फार लांबवली म्हणाल, पण शेतकऱ्याच्या पोराला पार्श्वसंगीताचं दुसऱ्या कशानं समजावू?

नुसत्या आवाजातून गोष्ट सांगायचं हे खूळ काही माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. १९३० साली बर्लिनमध्ये वाल्टर रुटमान या चित्रपट दिग्दर्शकानं 'वीकेंड' नावाचा सिनेमा केला, ज्यात चित्रच नव्हतं. फिल्मच्या पट्टीवर फक्त आवाज नोंदवला, पट्टी कापून जोडली आणि अकरा मिनिटांत शहराचा शनिवार ते सोमवार मांडला: कामाची यंत्रं, सुट्टी, गावाबाहेरची सहल, पुन्हा काम. तो रेडिओवरून ऐकवला गेला. बीबीसीवर १९७८ साली अँड्र्यू सॅक्सचं 'द रिव्हेंज' नावाचं जवळजवळ अर्ध्या तासाचं नाटक झालं, त्यात संवाद म्हणून एक शब्द नाही. पावलं, श्वास, पाणी, दारं. पोरांनो, अर्धा तास! तुम्हाला पाच मिनिटं दिली आहेत आणि त्यात तुम्ही तीन मिनिटं तुतारी वाजवता.

आणि विद्यार्थ्यांचं काम म्हणून हसण्यावारी नेणाऱ्या पालकांनाही एक सांगायचं आहे. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकताना नागराज मंजुळेंनी अभ्यासक्रमासाठी म्हणून 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचा वेगळा अभ्यासक्रम आहे, रसूल पुकुट्टी तिथले. २००९ साली ऑस्कर घेऊन आले. म्हणजे पोरगं रात्री ओढ्यावर मोबाईल घेऊन बसलं तर लगेच हाक मारून आत बोलावू नका. हां, टॉर्च आणि सोबत कोणी मोठं माणूस द्या, मार्चमध्ये साप-विंचू बाहेर पडायला लागतात.

खर्ड्यात एक आवाज नवा आहे, त्याबद्दल मला त्या मुलांनी विचारलं होतं. शिवपट्टण, म्हणजे खर्ड्याच्याच, किल्ल्यापाशी २०२१ च्या दसऱ्याला ७४ मीटर उंचीचा स्वराज्य ध्वज उभारला. वारा असला की तो वर फडफडतो. मुलं खाली उभी राहून रेकॉर्ड करायला गेली तर फोनमध्ये नुसता खरखराट. तो ध्वज नव्हे, बाळांनो, तो माईकवर आपटणारा वारा. तटाच्या आडोशाला जा, वाऱ्याकडे पाठ करा, माईकवर सुती रुमालाची एक घडी धरा, आणि मग बघा वरचं कापड वेगळं ऐकू येतं का. मात्र हा आवाज १७९५ च्या गोष्टीत घालू नका! त्याच्यासाठी आजची गोष्ट रचा. एका मुलीनं सुचवलंय, गुरांमागे फिरणाऱ्या तिच्या चुलत्याला लांबूनच त्या फडफडीवरून कळतं की वारा फिरलाय. ही गोष्ट आहे. हिच्यात तर ढोलाला जागाच नाही, पण लावतील. लावतीलच, मला माहीत आहे. म्हणून परत सांगतो, काढा. सगळं जोडून झालं की एकदा संगीताचा ट्रॅक बंद करून पहिल्यापासून ऐका. गोष्ट तरीही कळली तर संगीताची गरज नव्हती. नाही कळली तर संगीतानं ती कळणारच नव्हती, ओढ्यावर पुन्हा जा.

माणसाच्या आवाजाबद्दल खरं तर बरंच बोलायचं होतं. संवाद नको म्हणजे माणूसच नको असं नव्हे. खोकला, जांभई, बैलाला दिलेली नुसती हाळी, झोपेत बरळणं. त्या रांगेत झोपलेला एखादा शिपाई बरळत असेलच की, आणि तो कुठल्या भाषेत बरळतो याला… काचेपलीकडून हाताची खूण झाली, एक मिनिट राहिलं म्हणतात.

मग कामाचं तेवढं सांगतो. हेडफोन लावूनच रेकॉर्डिंग करा, घरी येऊन ऐकलं आणि पंपाची मोटर निघाली असं नको. ओढ्याला पाणी आहे का ते आधी दिवसा बघून या, नसेल तर हौदावर भागेल, फक्त दगडांवरून घोडा चालवायला विसरू नका. आणि घोडा वरातीचाच मिळणार, तेव्हा मालकाला लग्नतिथी टाळून तारीख मागा, गळ्यातले घुंगरू काढून आणा म्हणावं. घुंगरू राहिले तर सगळी मेहनत… बरं, वेळ झाली.