हाताला कळणारं वजन



एक किलो गूळ आणि एक किलो चुरमुरे. आपल्या कोल्हापुरात दोन्हींची वाण नाही, तेव्हा घरी करून पाहाच. एकेक पिशवी हातात घ्या. गुळाची एवढीशी पिशवी जड लागेल, चुरमुऱ्यांची फुगलेली हलकी. काट्यावर दोन्ही सारख्याच. फ्रेंच वैद्य शार्पांतिए यांनी १८९१ साली हा भास मांडला.

आपल्याला वाटतं, फसवतात ते डोळे. १९९३ साली कॅनडात एलिस आणि लेडरमन या संशोधकांनी तपासलं, तर डोळे बांधूनही भास पुरेपूर टिकला. बोटांनी आकार चाचपला की झालं.

मला सर्वांत भावला तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. काही अंध माणसं जिभेनं टक्‌टक् आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून समोरची वस्तू केवढी आहे ते ओळखतात. त्यांच्यापुढे लहानमोठी, पण सारख्याच वजनाची खोकी ठेवली. हात लावायचा नाही, दोरीनं उचलायचं. त्यांना लहान खोकं जड लागलं. ही विद्या न येणाऱ्या अंधांना मात्र खोकी सारखीच लागली. कानानं ऐकलेला आकार दंडाला जाणवला!

अंधांना देवानं जन्मतःच वेगळी शक्ती दिलेली असते, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. त्यात त्यांची मेहनत झाकली जाते. मोठी वस्तू जड असते, हे शरीर रोजच्या उचलण्यातून शिकतं आणि त्या अंदाजानंच पुढची वस्तू तोलतं. थकलेल्या हाताला तेच वजन जास्त वाटतं. मार्केट यार्डात दिवसभर गुळाचे रवे उचलणाऱ्या हमालांना हे सांगायला नको. आणि हात हलवून तोललं की वजनातला फरक जास्त बारीक कळतो, हे जर्मनीत वेबर या शास्त्रज्ञांनी १८३४ मध्येच दाखवलं होतं. म्हणून कुणी अंध गिऱ्हाईक पेरू हातात झुलवून बघत असेल, तर भाजीवाल्या मावशींनी घाई करू नये.

२०१९ साली अंधांच्या सोयीची नवी नाणी आली. रुपयाचं ३.०९ ग्रॅमचं, तिथून चढत वीसचं ८.५४ ग्रॅमचं. योजना चांगली आहे. पण पाचाचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, म्हणजे नव्या विसाहूनही जड! हातानं कमावलेला हिशेब तिथं चुकतो. तेव्हा कंडक्टर बंधूंनो, सुटे पैसे देताना एकेक नाणं हातावर ठेवा आणि रक्कम मोठ्यानं सांगा.