बोट लागण्याची भीती

(वसंत व्याख्यानमालेत कान-नाक-घसा तज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानावरून)



मुंबई-गोवा क्रूझचे तिकीट काढलेली मंडळी हल्ली माझ्याकडे बरीच येतात. कानाची तक्रार काही नसते. "डॉक्टर, मला घाटात गाडी लागते, मग बोटीवर काय होईल?" एवढेच त्यांना विचारायचे असते. सोबत आजी आलेली असेल तर ती दुसरा प्रश्न विचारते, "बोट बुडणार तर नाही ना?" हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. घाबरलेल्या माणसाला मळमळ लवकर होते, आणि मळमळू लागले की त्याची धास्ती आणखी वाढते.

आधी आजींचा प्रश्न घेऊ, कारण ही भीती मनाची नाही, आठवणीची आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ऐन पावसाळा, खवळलेला दर्या, आणि बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. ज्या घरांतली माणसे त्या दिवशी परतली नाहीत, त्या घरांना "घाबरू नका" एवढे सांगून भागत नाही. काय बदलले ते सांगावे लागते.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर क्रूझ चालत नाहीत. वादळाची सूचना आधी मिळते, जहाज सतत किनाऱ्याच्या संपर्कात असते. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यालगत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांना बचावाचे प्रात्यक्षिक मिळालेच नव्हते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम सुधारला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच हे प्रात्यक्षिक घेणे बंधनकारक झाले. ते कंटाळवाणे म्हणून टाळू नका. लाइफ जॅकेट हातात घेऊन बघा, आपली जमण्याची जागा पायी जाऊन बघा, सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा हे मुलांकडून पाठ करून घ्या. सगळ्यात घाबरलेल्या माणसाला सगळ्यात पुढे उभे करा. आपल्याला काय करायचे आहे हे कळले की भीतीची धार कमी होते.

आता कानाकडे वळतो. आपल्या आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. गवंडी भिंतीला लेव्हल लावतो तशी ही शरीराची लेव्हल आहे. त्यांच्या शेजारी सूक्ष्म खड्यांचे आणखी एक इंद्रिय असते, त्याला वरखाली होणारी हालचाल कळते. बोटीवरच्या खोलीत बसल्यावर डोळे सांगतात की भिंती स्थिर आहेत, कान सांगतो की आपण हलतो आहोत. मेंदूला हा मेळ बसवता येत नाही आणि पोट ढवळते. साधारण पाच सेकंदांत एकदा अशा संथ गतीने वरखाली होणे सर्वांत त्रासदायक, आणि समुद्राच्या लाटा नेमक्या त्याच सुमाराच्या असतात. १८८२ साली विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, आंतरकर्ण निकामी झालेल्या अनेक कर्णबधिरांना समुद्र लागतच नाही. म्हणजे बोट लागणे हे धडधाकट कानाचे लक्षण आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? नेल्सनसारख्या आरमारी सेनानीला आयुष्यभर बोट लागत असे, आणि डार्विनला 'बीगल'वरच्या जवळपास पाच वर्षांत तिची सवय झाली नाही. तुमच्याआमच्यापैकी बहुतेकांना मात्र दोन-तीन दिवसांत सवय होते. अडचण एवढीच की गोव्याची सफर त्याआधी संपते, म्हणून तयारी आधीच हवी.

गोळीच्या बाबतीत मी आग्रही आहे. ॲव्होमिनसारखी प्रोमेथाझिनची गोळी किंवा मेक्लिझिन उलटी सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकतच नाही. ती जहाज सुटण्याच्या तासा-दोन तासांपूर्वी घ्यायची असते. तिने झोप येते, म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा. मद्याबरोबर कधीही नको. काचबिंदू असेल, प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास होत असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन द्यायचेच नाही, आणि या वयात बोट सहसा लागतही नाही. दोन ते बारा वर्षांची मुले, अर्धशिशी असलेली माणसे आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया यांना त्रास अधिक होतो. मनगटाच्या पट्ट्यांबद्दल पुरावा दुबळा आहे. आल्याचा उपयोग काही जणांना होतो, तेव्हा आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा.

खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हेलकावे सर्वांत कमी. महागडी वरची खोली घेऊन लोक पस्तावतात. पोट रिकामे ठेवू नका आणि तट्टही भरू नका. भाकरी, खाकरा, साधा भात बरा. मळमळू लागले तर मोबाइल खाली ठेवा, डेकवर या आणि क्षितिजाकडे पाहत सावकाश श्वास घ्या. ते जमले नाही तर डोळे मिटून उताणे पडा, डोके हलवू नका. गोव्याला उतरल्यावर काही तास जमीन हलल्यासारखी वाटते, त्यानेही घाबरायचे कारण नाही.

दिवाळीच्या आसपास अरबी समुद्रात कधीकधी वादळे होतात. पहिलीच वेळ असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला अधिक शांत वाटतो.

आणि एक तालीम सांगतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. तासाभराचा प्रवास आहे. रामदास जिथून निघाली तोच हा धक्का. घरातले जे कोणी घाबरते त्याला आधी या बोटीने घेऊन जा, रेलिंगला धरून उभे राहू द्या, परत या, आठवड्याने पुन्हा जा. लहान बोट मोठ्या जहाजापेक्षा जास्त डोलते, त्यामुळे इथे निभावले तर पुढचे पुष्कळ सोपे होते. नाहीच निभावले तर क्रूझ रद्द करा, आजींना रेल्वेने गोव्याला न्या, आणि त्यांच्या भीतीची घरात कोणालाही चेष्टा करू देऊ नका.