आपल्या हाताची मजुरी आधी मांडा

आज बोलायचंय ते मोठ्या पगाराची नोकरी सोडून स्वतःचा धंदा उभारणाऱ्या बायकांबद्दल. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे मोठा पगार होता सोडायला? म्हणूनच हा विषय घेतलाय. त्या बायकांकडून आपण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती शिकायला शहरात जावं लागत नाही.

फाल्गुनी नायर हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. मुंबईच्या या बाईंनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिक्षण घेतलं आणि पुढे कोटक महिंद्रा समूहात एकोणीस-एक वर्षं नोकरी केली. मोठ्या पदावर होत्या. २०१२ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि ‘नायका’ नावाची कंपनी काढली. पावडर, काजळ, लिपस्टिक अशा वस्तू मोबाइलवरून मागवायच्या आणि घरपोच घ्यायच्या, असा तो धंदा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली आणि फाल्गुनीबाईंचं नाव देशभर झालं.

अशी गोष्ट ऐकली की कुणीतरी म्हणतं, “बघा, हिंमत केली की सगळं होतं.” मी तसं म्हणणार नाही. त्यांच्याजवळ साठवलेला पैसा होता, मोठं शिक्षण होतं, ओळखीपाळखी होत्या. घरात नवऱ्याचीही मोठी कमाई होती. धंदा पहिली काही वर्षं चालला नसता, तरी चूल विझली नसती. आपल्याकडे धंदा बसला तर पोराची फी थांबते आणि गटाचा हप्ता चुकतो. तेव्हा नुसत्या हिमतीच्या गोष्टीवर जाऊ नका.

मग त्यांच्याकडून शिकायचं काय? नोकरी सोडणाऱ्या बाईला आपल्या एका महिन्याची किंमत माहीत असते. तिच्या खात्यात दर महिन्याला पगार जमा होत होता. धंदा सुरू केल्यावर ती रोज स्वतःला विचारते, “मी इतके सोडून आले, इथे मला किती सुटतायत?” तिच्याकडे माप असतं. आपल्याकडे ते माप नसतं, कारण आपण घरी करतो त्या कामाचे पैसे आपल्याला कुणी कधी दिलेलेच नाहीत. मग धंद्यातही आपण आपली मेहनत फुकट धरतो.

वही-पेन घ्या आणि माझ्याबरोबर हिशोब करा. आकडे समजायला म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

समजा, तुम्ही पाच किलो शेंगदाण्याची चटणी केली. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ मिळून ८०० रुपये. गॅस आणि कांडपाचे ६०. पिशव्या आणि लेबलचे ६०. बाजारला जायचं-यायचं एसटी भाडं ८०. झाले एक हजार. चटणी विकली २४० रुपये किलोने, आले १,२०० रुपये. घरी येऊन आपण सांगतो, “दोनशे सुटले.”

आता तास मोजा. निवडणं, भाजणं, सोलणं, कांडणं, पिशव्या भरणं, यात सहा तास गेले. बाजारात सहा तास गेले. एकूण बारा तास, म्हणजे दीड दिवस. त्या दीड दिवसात तुम्ही खुरपायला गेला असता आणि गावात ३०० रुपये रोज असता, तर ४५० रुपये मिळाले असते. म्हणजे दोनशे सुटले नाहीत, अडीचशे खिशातून गेले. मसाल्याचे, गॅसचे, एसटीचे सगळ्यांचे पैसे दिले. फक्त तुमचे राहिले.

इथे एखादी म्हणेल, “ताई, भाव वाढवला तर गिऱ्हाईक फिरकणार नाही.” खरं आहे. मजुरी धरली तर चटणी २९० रुपये किलोला पडते आणि बाजारात तेवढे मिळतीलच असं नाही. पण मजुरी मांडली की खर्च कुठे होतोय ते दिसतं. बाजारातले सहा तास म्हणजे २२५ रुपये मजुरी, वर ८० भाडं, एकूण ३०५. चौघींनी आपापली चटणी, पापड, मसाला एकत्र केला आणि पाळीपाळीने एकच जण बाजारला गेली, तर हा खर्च प्रत्येकीला ७६ च्या आसपास येतो. जी जाते तिला तिची मजुरीही मिळते. आता तीच चटणी मजुरीसकट साधारण २४४ रुपयांना पडते. २७० ला विकली तर धंद्यालाही चार पैसे राहतात. शेंगा निघतात तेव्हा गटाने एकदम खरेदी केली, तर आणखी फरक पडेल. मजुरी लिहिलीच नसती, तर हा विचार सुचला असता का?

ही रीत काही शहरातल्या कंपन्यांची मक्तेदारी नाही. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. तिथे बहिणीला तिने लाटलेल्या पापडाच्या वजनावर लाटणावळ मिळते. नफ्यातला वाटा वेगळा. लाटणारीचे हात हिशोबात आहेत.

नोकरी सोडणाऱ्यांची दुसरी सवय म्हणजे हातात काही महिन्यांचा घरखर्च ठेवल्याशिवाय शहाणी बाई राजीनामा देत नाही. तुम्ही अंगणवाडीत मदतनीस असाल, कुणाच्या शाळेत खिचडी शिजवत असाल, ठरलेल्या मजुरीवर जात असाल, तर ती कमाई एकदम सोडू नका. धंदा आधी जोडीला करा. सलग सहा महिने धंद्यातून तुमची मजुरी सुटली, तर मग सोडायचं की नाही ते ठरवा.

तिसरी गोष्ट खात्याची. पगार ज्याच्या नावावर, त्याच्या खात्यात जातो. धंद्याचंही तसंच हवं. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज तारणाशिवाय मिळतं. उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही, कुणी मागितला तर देऊ नका. पण कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा घरातल्या मोटारसायकलला, असं झालं की हप्ता तिच्या गळ्यात पडतो आणि धंदा उभाच राहत नाही. कर्ज धंद्यासाठी घेतलं असेल तर ते धंद्यातच फिरलं पाहिजे. तुमची मजुरी मात्र तुम्ही तुमच्या खात्यात काढून घ्या, मग ती घरात द्यायची, साठवायची की लेकीला पुस्तकं घ्यायची, ते तुम्ही ठरवा.

काही जण हसतील. “घरात बसून चटणी करते आणि म्हणे पगार!” हसू द्या. त्यांनी दिवसभर काम केलं तर ते मजुरी मागतातच ना?

आता या आठवड्याचं काम. गटाच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एका मालाचा हिशोब लिहून आणा. कच्चा माल, जळण, पिशव्या, भाडं यांच्या वर पहिली ओळ लिहा, माझे तास आणि माझी मजुरी. जिला लिहिता येत नाही तिला शेजारणीने मदत करा. मग सगळ्या वह्या एकत्र ठेवून बघा, कुठला माल परवडतो, कुठला एकत्र करावा लागेल आणि कुठला बंद केलेला बरा.

तोट्यात निघालेला हिशोबही लपवू नका. तोटा वहीत दिसला तरच तो भरून काढता येतो.