घरच्या संगणकाचा पहारा

जबलपूरहून बोलतोय. निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथेच राहिलो. छावणीचं गाव असल्यामुळे आजूबाजूला माझ्यासारखे पेन्शनर भरपूर. सकाळच्या फिरण्यात पूर्वी गुडघ्यांबद्दल बोलणं व्हायचं, आता संगणकाबद्दल होतं. ‘फार स्लो झालाय हो, व्हायरस असेल का?’ हा ठरलेला प्रश्न. आज त्याचंच उत्तर देतो.

पहिली गोष्ट: संगणक हळू चालणं आणि त्यात व्हायरस असणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. बहुतेक वेळा हळू चालणाऱ्या संगणकात व्हायरस नसतो. उलट चांगला लिहिलेला व्हायरस तुम्हाला कळूच देत नाही की तो आत बसलाय. म्हणून दोन्हींचा वेगळा विचार करू.

आधी वेग. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे. संगणक सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्राम तिथे दिसतात. प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांचं ॲप, कधीकाळी घेतलेला गेम, सगळे हजर! ओळखीचे आणि रोज न लागणारे असतील ते बंद करा. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. अँटीव्हायरसला मात्र हात लावू नका.

मग सी ड्राइव्ह बघा. तो गच्च भरला असेल तर विंडोजला कामाला जागा उरत नाही. साधारण पाचवा हिस्सा मोकळा असू द्या. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’मध्ये जाऊन तात्पुरत्या फाइली काढता येतात. पण ‘डाउनलोड्स’च्या चौकटीवर खूण करण्याआधी थांबा. आपल्यापैकी अनेकांची पेन्शनची कागदपत्रं तिथेच पडलेली असतात.

एवढं करूनही फरक नाही पडला, तर यंत्राकडे वळा. जुन्या संगणकात फिरणारी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर तोच संगणक नवा वाटतो. रॅम चार जीबी असेल आणि वाढवता येत असेल, तर आठ करा. दुकानदार म्हणेल, ‘साहब, नया ले लो।’ आधी या दोन गोष्टींचा खर्च विचारा.

आणि धूळ! जबलपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम वेग कमी करतो. पंख्यावर धुळीचा थर असला की हे रोजचंच. वर्षातून दोनदा वायर काढून, कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा. तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका.

आता व्हायरस. आपल्या घरच्या संगणकात कुणाला काय रस असणार, असं पुष्कळांना वाटतं. मंडळी, हे शत्रू नाव बघून येत नाहीत. उघडं दार दिसलं की शिरतात.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने लोकांनी तो लावला नाही. जूनच्या शेवटी नॉटपेट्या आला. त्याच्या पसरण्याच्या मार्गांपैकी एक म्हणजे तेच भोक. त्या तडाख्यात आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं, कारण ते चालवणाऱ्या मर्स्क समूहाचं जाळंच बंद पडलं होतं. म्हणून ‘अपडेट आलाय’ असं विंडोजने सांगितलं की टाळू नका. रात्री जेवायला बसताना सुरू करून द्या.

दुसरं उदाहरण पुण्याचं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरला. चोरांनी खोटा मध्यस्थ उभा केला. एटीएममधून पैशाची मागणी आली की बँकेऐवजी हा मध्यस्थच ‘मंजूर’ म्हणायचा. ११ ऑगस्टला अठ्ठावीस देशांतून पैसे निघाले आणि १३ तारखेला हाँगकाँगच्या खात्यात रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. पहाऱ्यावरचा माणूसच बदलला, तर परवलीचा शब्द विचारून उपयोग काय?

तर घरी काय करायचं?

एक. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून आहे आणि घरगुती वापराला तो चांगला आहे. पैसे देऊन दुसरा अँटीव्हायरस घ्यायचा तर खुशाल घ्या. पण एका वेळी एकच. दोन लावले की दोघे एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक दमतो.

दोन. फुकट मिळालेलं क्रॅक केलेलं ऑफिस किंवा फोटोशॉप नको. ते चालण्यासाठी ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगतात. संत्रीला झोपायला सांगून आत येणारा पाहुणा कसा असेल?

तीन. रोजच्या कामासाठी साधं खातं ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं. मग काही बसवायचं झालं की पासवर्ड मागितला जातो आणि आपण क्षणभर थांबतो.

चार. पडद्यावर भोंगा वाजून ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं आलं, तर फोन करू नका. ब्राउझर बंद करा. ‘स्पर्श’मधून बोलतोय, हयातीचा दाखला अडकलाय, हे ॲप टाका, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा आणि पोर्टलवर स्वतः जाऊन बघा. दूरवरून संगणक चालवू देणारं ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही नाही.

पाच. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालतो, पण नवी भोकं आपोआप बुजत नाहीत. ११ बसत असेल तर घाला. नसेल तर वाढीव सुरक्षेची सोय बघा, किंवा लिनक्स मिंट लावून घ्या. बँकेचं काम तरी त्या उघड्या यंत्रावर करू नका.

सहावी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: बॅकअप. आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत. त्यांचे यजमान गेले. त्यांचे पोस्टिंगचे, मुलांच्या मुंजींचे सगळे फोटो एका संगणकात होते. एका ईमेलच्या जोडणीतून खंडणी मागणारा व्हायरस आला आणि प्रत्येक फोटोचं नाव बदलून कुलूप लागलं. त्यांना पैसे देऊ नका म्हटलं, कारण दिल्यावर किल्ली मिळेल याची खात्री नसते. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही व्हायरसांच्या किल्ल्या फुकट मिळतात, तिथे शोधलं. या जातीची नव्हती. जे थोडे फोटो वाचले, ते मुलीकडच्या जुन्या पेनड्राइव्हवरचे.

म्हणून एक बाहेरची डिस्क घ्या. महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं त्यावर उतरवा आणि ती काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. दुसरी प्रत मुलामुलीकडे, दुसऱ्या गावी.

संशय आलाच, तर आधी इंटरनेट तोडा, मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं मोफत आहेत. पैसे गेले असतील तर लाजू नका, वाट बघू नका, लगेच १९३० ला फोन करा. पैसा खात्यांतून पुढे सरकण्याआधी गोठवता येतो, पण त्यासाठी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

हा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा. आणि येत्या रविवारी चहा झाल्यावर पहिलं काम बॅकअपचं. जय हिंद.